आठ तोतये, चार खरे

“डावीकडून मोजा साहेब. दोन, तीन, पाच, सहा, आठ, नऊ, अकरा, बारा. हे आठ तुमचे तोतये.” फोनमधून रडारवाल्या ढोमणेचा आवाज शेडभर घुमला. “एक, चार, सात आन् दहा, हे खरे. लिहून घेतलं का? का पुन्हा सांगू?”

बिवलकर साहेबांनी काहीच लिहून घेतलं नाही. त्यांच्या समोरच्या कागदावर तेच आकडे, त्याच क्रमाने, सकाळपासून लिहिलेले होते. त्यांनी “बरोबर आहे” एवढंच म्हटलं, फोन ठेवला, खिशातून लवंग काढून दाढेखाली धरली आणि मला विचारलं, “शेगर, या माणसाला कुणी आतून बातमी देतंय का?”

“नाही साहेब. त्याला देवाने डोळेच तसे दिलेत.”

“देवाचं मला सांगू नका. मी आठ वर्षं खपलोय.”

ते खरं होतं. आठ वर्षांत त्यांनी एकच गोष्ट बनवली होती, तिला कागदोपत्री लांबलचक इंग्रजी नाव होतं, आणि अख्खा तळ तिला तोतया म्हणायचा. तोतया म्हणजे दोन्ही हात पसरले तर कवेत मावेल एवढं बिनमाणसाचं, बिनइंजिनाचं विमान. मोठ्या विमानाच्या पंखाखाली टांगून वर न्यायचं आणि सोडून द्यायचं. सुटलं की त्याचे पंख उघडायचे आणि ते घसरत घसरत शत्रूच्या दिशेने निघायचं. त्याच्या नाकात एक गोळा होता, कांद्यासारखा थरावर थर देऊन केलेला. रडारचे किरण त्यावर पडले की तो ते इतक्या जोरात परत फेकायचा, की पडद्यावर ठिपका उमटायचा तो थेट लढाऊ विमानाएवढा. शत्रूने त्या ठिपक्यांवर आपली क्षेपणास्त्रं उधळावीत आणि तेवढ्यात आमच्या खऱ्या विमानांनी काम उरकून परत यावं, असा बेत. तो गोळा बिवलकर साहेब स्वतःच्या लोकरीच्या मफलरीत गुंडाळून ठेवायचे. बाहेर ऊन असं, की टोपी काढून ठेवली तर परत घेईपर्यंत सरडा तिच्यात अंडी घालून मोकळा. त्या उन्हात मफलर वापरणारा तोच एक गोळा.

तळाचं नाव सांगणार नाही, सही करून बसलोय. वाळवंट होतं एवढं पुरे. साल त्र्याऐंशी. मी सार्जंट, तोतयांचा फिटर. जोडणं, घासणं, पंखाखाली टांगणं, सगळं माझ्या हातचं.

“दोन चाचण्या झाल्या,” बिवलकर म्हणाले. “दोन्ही वेळा बारापैकी बारा ओळखले त्याने. शनिवारी तिसरी. समिती येतेय. तिसऱ्यांदा असंच झालं तर सोमवारी या शेडला कुलूप लागेल, असं त्यांनी मला लेखी कळवलंय.”

“आणि तुम्ही?”

“मला हवामानाच्या फुग्यांकडे पाठवतील.” त्यांनी लवंग दुसऱ्या दाढेखाली सरकवली. “शेगर, तुम्ही उद्या त्याच्याकडे जा. तुम्ही बोलके आहात. तो कसं ओळखतो तेवढं काढून आणा.”

म्हणून मी गेलो. रडारची केबिन आमच्यापासून जीपने तीन तास. एका टेकाडावर चाकांवर उभी केलेली पत्र्याची खोली, वर गरगरणारी जाळी, आत अंधार आणि हिरवा पडदा. पडद्यापुढे वॉरंट ऑफिसर ढोमणे. वऱ्हाडचा माणूस. उंच, रुंद खांद्यांचा, नाक तरतरीत, एकंदरीत देखणा. त्याचं देखणेपण मी मुद्दाम नोंदवतोय. त्याची नजर काय सांगू? पडद्यावरचा ठिपका घारीचा की गिधाडाचा हे तो सांगायचाच, शिवाय घार उपाशी आहे की जेवून निघालीय तेही सांगायचा. हातात कायम एक पिवळी मेणाची पेन्सिल. काचेवर तिने ठिपक्यांच्या वाटा आखायच्या, खोट्यावर फुली मारायची, खऱ्याभोवती गोल काढायचा.

मी ठेच्याची बरणी पुढे केली.

“लाच हाय का गा?” ढोमणे म्हणाला.

“भेट आहे साहेब.”

“बिवलकरानं धाडलं ना तुले? कसं ओयखतो, थे इचारून ये म्हने.” त्याने बरणी उघडून वास घेतला. “ठेचा ठेवून जा. उत्तर काई भेटत नाई.”

“मी काही विचारलंच नाही अजून.”

“इचारू बी नको. माह्या डोयाले फसवणारा अजून पैदा व्हायचा हाय. सांग तुह्या साहेबाले, गोया मोठा कर, बारीक कर, त्याले सोन्याचा मुलामा दे. मी बसलो हाय तोवर तुमचे तोतये इथं येऊन रडतीन.”

तासभर बसलो. त्याने ठेचा भाकरीबरोबर संपवला, तीन पिढ्यांच्या म्हशींची नावं सांगितली, पण रडारबद्दल चकार शब्द काढला नाही. मी निघालो तसा तोही दाराशी आला. आणि मी पाहिलं, की माझ्याशी बोलता बोलता त्याची नजर चौकटीकडे गेली. चौकटीला वर एक चिंधी बांधली होती. लाल, विटकी, कुठल्याशा लुगड्याची. ती फडफडत होती. त्याने एकदा पाहिलं, परत आत गेला, खुर्चीत बसला.

आता चिंधी कोण बांधतं? लग्नाचा मांडव नाही, पिराची जागा नाही. जीपमध्ये बसल्यावर पहिला तास मी चिंधीचाच विचार केला. दुसऱ्या तासाला उलगडा झाला. तिसऱ्या तासाला ड्रायव्हरला सांगितलं, गाणं बंद कर आणि जोरात चालव.

“साहेब, वारा!” शेडमध्ये पाऊल टाकता टाकता मी ओरडलो.

बिवलकरांनी वर पाहिलं. “वाऱ्याचं काय?”

“आपला तोतया सुटला की नाक सरळ धरून बसतो ना? आतलं यंत्र त्याला इकडे-तिकडे वळू देत नाही.”

“अर्थात. त्यासाठीच ते यंत्र आहे.”

“नाक सरळ, पण वारा आडवा. तो त्याला अख्खाच्या अख्खा बाजूला वाहून नेतो. आणि खऱ्या विमानात माणूस असतो साहेब. तो वाऱ्याशी भांडतो. जरा वाहिला की सावरतो, पुन्हा वाहिला की पुन्हा सावरतो. ढोमणे खुर्चीत बसण्याआधी वारा बघतो. मग जो ठिपका मुकाट वाऱ्याबरोबर वाहतो त्याच्यावर फुली, आणि जो नागमोडी भांडत येतो त्याच्याभोवती गोल.”

बिवलकरांनी लवंग थुंकली. मी त्यांना लवंग थुंकताना प्रथमच पाहत होतो.

“पण तो फरक किती असेल? दोन अंश, फार तर तीन.”

“तीन अंश म्हणजे ढोमणेसाठी हमरस्ता आहे.”

ते फळ्याकडे गेले, काहीतरी मांडलं, पुसलं, परत मांडलं. मग खडू ठेवून दिला. “तुमचं बरोबर आहे. आणि उपयोग काही नाही. तोतयाला वाऱ्याशी भांडायला शिकवायचं तर नवं यंत्र लागेल. त्याला दीड वर्ष. आज बुधवार.”

मी म्हटलं, “साहेब, माझे वडील बहुरूपी होते हे तुम्हाला सांगितलंय का मी?”

“बारा वेळा.”

“खऱ्या फौजदाराचा किस्सा सांगितलाय?”

“शेगर, ही वेळ आहे का?”

“हीच आहे.” मी एका लाकडी खोक्यावर बसलो. “आमचे दादा फौजदाराचं सोंग घ्यायचे. खाकी डगला, लाकडी दंडुका, हातात रद्दीचा कागद. दारात उभे राहून गरजायचे, चला चौकीवर, तुमच्या कोंबड्याने सरकारी वेळेच्या आधी बांग दिली, वॉरंट आहे! लोक हसायचे, सुपातून ज्वारी घालायचे. एकदा एका गावात दादा सोंगात असताना खरा फौजदार घोड्यावरून आला. हातभट्ट्या शोधायला. मिशा अशा, की दोन टोकांवर दोन पोपट बसावेत. दादा घाबरले. सरकारी वेषाची नक्कल, म्हणजे आत टाकणार. पळावं तर सगळं गाव बघतंय.”

“मग?”

“मग काय, दादांनी सोंग सोडलं नाही, गरजणं सोडलं. चावडीच्या पायरीवर बसले, पोट पुढे सोडलं, बुटाची नाडी सुटलेली तशीच ठेवली, जांभई दिली, पाठ खाजवली. थेट कंटाळलेला सरकारी माणूस! आणि खरा फौजदार? ताठ मान, लखलखीत बूट, आणि आल्या आल्या गरजला, चला चौकीवर, वॉरंट आहे! गाव हसून लोळलं. म्हणाले, वा, झकास सोंग! बायकांनी त्याच्या टोपीत ज्वारी ओतली. एका म्हातारीने मिशी ओढून पाहिली. तो जितका चिडला तितके लोक खूश झाले. दादा हळूच उठून वेशीबाहेर. मी विचारलं, दादा, तुम्ही केलंत तरी काय? तर म्हणाले, मी काही नाही केलं. खऱ्याला सोंग ठरवलं. मग सोंगाकडे कोण बघतंय?”

बिवलकरांच्या टकलावर हळूहळू लाली चढली.

“म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “तोतयाला वैमानिकासारखं उडता येत नसेल...”

“तर वैमानिकांनी तोतयासारखं उडायचं.”

हे सांगणं सोपं होतं. खऱ्या विमानांचे म्होरके स्क्वाड्रन लीडर घोरपडे. गुरुवारी सकाळी आम्ही दोघं त्यांच्यापुढे उभे राहिलो तेव्हा त्यांनी आधी बिवलकरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आढ्याकडे.

“परत सांगा. मी काय करायचं?”

“काहीच नाही,” बिवलकर म्हणाले. “ठरल्या ठिकाणी, ठरल्या वेगाने यायचं, तोतयाबरोबर हळूहळू खाली उतरायचं आणि नऊ मिनिटं हात हलवायचा नाही. वारा नेईल तिकडे जायचं. कुठून निघालं म्हणजे वाराच तुम्हाला नेमका रडारच्या डोक्यावर आणून सोडेल, ते गणित मी करून देतो.”

“मी सतरा वर्षं विमान चालवतोय. आणि तुम्ही मला पालापाचोळा व्हायला सांगताय?”

“नऊच मिनिटं.”

“तो ढोमणे काय म्हणेल? घोरपडे झोपला होता म्हणेल!”

“ढोमणे फुली मारेल साहेब,” मी म्हणालो. “तुमच्यावर.”

ते माझ्याकडे वळले. मी पुढे बोललो, “पण साहेब, अवघड आहे हे मान्य. हातात दांडा असताना नऊ मिनिटं तो न हलवणं माणसाला जमत नाही. ते यंत्राचंच काम. बिवलकर साहेब, आपण उगाच आलो.”

“थांब,” घोरपडे म्हणाले. “तुमच्या त्या पत्र्याच्या पाखराला जमतं, ते मला जमणार नाही?”

तर तेवढं झालं. पण माझं मन भरलं नव्हतं. समजा, सगळे बाराही ठिपके मुकाट वाहत आले. ढोमणे काय मूर्ख आहे? तो म्हणेल, बारापैकी चार खरे असणारच, आणि मग डोळे आणखी बारीक करून शोधेल. त्याला शोधायला काहीतरी दिलं पाहिजे. दादांच्या गोष्टीत गावाला हसायला खरा फौजदार होता, पण खरा म्हणून मान द्यायलाही कुणीतरी पायरीवर बसलेलं होतंच की!

तोतयाच्या शेपटीच्या पात्याला मागे अंगठ्याएवढी पत्र्याची पट्टी असते. तोतया एका बाजूला ओढत असेल तर ती हाताने किंचित वाकवून नीट करायची असते. हे फिटरचं काम, पण तपासणीच्या आधीचं. शुक्रवारी संध्याकाळी समितीच्या माणसाने आठही तोतये तपासले, प्रत्येकाला लाखेचं सील ठोकलं आणि बजावून सांगितलं, की आता टांगण्याखेरीज यांना बोट लावायचं नाही. लावलं तर चाचणी रद्द आणि लावणाऱ्यावर खटला.

शनिवारी सकाळी सात वाजता मी तोतये टांगले. आणि टांगता टांगता आठपैकी चारांच्या पट्ट्या अंगठ्याने वाकवल्या. प्रत्येकाची वेगळी. वाऱ्याच्या उलट दिशेला, करंजीची कड दुमडावी तेवढीच. आता पट्टी एकीकडे ओढणार, आतलं यंत्र दुसरीकडे, आणि त्या ओढाताणीत तोतया डुलत डुलत, सावरत सावरत येणार. थेट माणसासारखा. सीलला धक्का नाही. बिवलकरांना पत्ता नाही. घोरपड्यांना पत्ता नाही. कुणी पाहिलं असतं, तर दंडावरच्या तीन फिती गेल्या असत्या आणि पाठोपाठ मी.

साडेनऊला विमानं गेली. मी शेडबाहेर खोक्यावर बसलो. तिकडे केबिनमध्ये काय झालं ते मात्र मी तुम्हाला अगदी मिनिटाबरहुकूम सांगू शकतो. इतक्या लांबून मला ते कसं कळलं, हे विचारू नका. योग्य वेळी सांगेन.

ढोमणेने चिंधी पाहिली. पश्चिमेचा वारा, चांगला ताणून. तो खुर्चीत बसला. पाठीमागे समितीचे अध्यक्ष, त्यांच्या मागे आणखी दोघं, सगळ्यांच्या हातात चहा. पडद्याच्या वरच्या कडेला एक मोठा ठिपका आला, फुटला आणि त्यातून बारा झाले; खरी चारही मोठ्या विमानाला चिकटूनच आली होती. मोठा मागे वळला. बारा पुढे निघाले.

पहिल्या दोन मिनिटांत ढोमणेने नुसत्या वाटा आखल्या. पिवळ्या बारा रेघा. त्याचा श्वास संथ होता. चौथ्या मिनिटाला त्याने पहिली फुली मारली. मग दुसरी. रेघ कशी, पट्टीने ओढलेली, उजवीकडे मुकाट वाहणारी. फुली. फुली. तिसरा ठिपका मात्र किंचित डुलला, सावरला. ढोमणे गालात हसला. गोल. सातवा डुलला. गोल. आठवा, अकरावा. गोल, गोल.

“झालं,” तो म्हणाला. “तीन, सात, आठ, अकरा खरे. बाकी तोतये.”

“अजून चार मिनिटं आहेत,” अध्यक्ष म्हणाले. “नीट पाहा.”

“पाहिलं साहेब. घोरपडे साहेबाचं उडणं मी झोपेत ओयखतो. थो पाहा सातवा. कसा अकडत येऊन राहिला!”

फोनवरून चार आकडे गेले. ढोमणेने पेन्सिल खाली ठेवली आणि चहा मागितला. चहा आला. त्याने पहिला घोट घेतला आणि कपातला चहा थरथरला. मग बशी वाजली. मग पत्र्याची अख्खी केबिन वाजू लागली, वरून कानठळ्या बसवणारं काहीतरी गेलं, लागोपाठ दुसरं, तिसरं, चौथं. अध्यक्षांच्या कपातला चहा अध्यक्षांच्या गणवेशावर.

ढोमणेने बाहेर जाऊन पाहिलं नाही. तो पडद्याकडे पाहत राहिला. ज्यांच्यावर त्याने फुल्या मारल्या होत्या त्यातले चार ठिपके पडद्याच्या मधोमध, त्याच्या स्वतःच्या डोक्यावर होते. आणि ज्यांच्याभोवती गोल काढले होते ते चार, आपले डुलत डुलत लांब वाळूत उतरत होते.

शेडमध्ये फोन वाजला तेव्हा बिवलकरांनी तो मला उचलायला लावला. मी आकडे ऐकले आणि त्यांना दिले. ते म्हणाले, “चारही चुकले?” मी म्हणालो, “चारही.” ते खोक्यावर बसले आणि मफलरीत तोंड खुपसून लहान मुलासारखे हसले.

मी हसलो नाही. माझं काम अर्धंच झालं होतं.

बहुरूप्याचा एक रिवाज आहे. गावात सोंगं करायची ती करा, लोकांना घाबरवा, फसवा, हसवा. पण शेवटच्या दिवशी तोंड धुऊन, साध्या कपड्यांत, दारोदार जाऊन आपलं खरं नाव सांगायचं. सोंग माझं होतं म्हणून कबूल करायचं. मग बिदागी मागायची. नाव न सांगता घेतलेले दाणे चोरीचे, असं दादा म्हणायचे. आयुष्यात ते खोटं सोडून दुसरं काही बोलले नाहीत, पण हा रिवाज त्यांनी एकदाही चुकवला नाही.

रविवारी पहाटे चारला मी साधा सदरा घातला, टोपी काढली आणि तीन तास जीपने गेलो. केबिनच्या दारात उभा राहिलो. ढोमणे आत कागद पुढे घेऊन बसला होता. दुपारपर्यंत त्याला समितीला लिहून द्यायचं होतं, की तो का फसला.

“मी रंगनाथ, सदाशिव शेगर बहुरूप्याचा मुलगा,” मी म्हणालो. “सोंग माझं होतं.”

त्याने मान वर केली. मी सगळं सांगितलं. चिंधी, फौजदार, घोरपडे. आणि शेवटी सीलनंतर वाकवलेल्या चार पट्ट्या.

बाहेर चिंधी फडफडत होती. त्याच्या हाताखाली कोरा कागद होता. त्यावर पट्टीबद्दल एक ओळ पडली असती, की चाचणी रद्द, शेडला कुलूप, बिवलकर फुग्यांकडे, मी तुरुंगात आणि ढोमणेचे डोळे पुन्हा जगात पहिले.

“गप बसला असता तर कोणाले समजलं असतं?” त्याने विचारलं.

“कुणालाच नाही.”

“मंग काऊन सांगून राहिला मले?”

“नाव सांगितल्याशिवाय बिदागी मागता येत नाही साहेब.”

“आन् वरून बिदागी बी पाह्यजे तुले!” तो उठला. मला वाटलं, आता कानाखाली बसते. त्याने फोन उचलला आणि शेडचा नंबर फिरवला.

“बिवलकर साहेब? ढोमणे बोलतो. तुमच्या तोतयाच्या शेपटीच्या पट्टीले बाक किती ठेवायचा, थे तुमच्या नकाशात लिहिलं हाय का?”

पलीकडून बारीक आवाज आला. बिवलकर हुशार माणूस, त्यांना एवढ्यावरून सगळं कळलं असणार. “किती ठेवायला हवा?”

“थे शेगरले इचारा. त्याच्या अंगठ्यात हाय. पन नकाशात असन तर थे यंत्र झालं, नसन तर चावटपना. माह्या कागदात मी कोन्तं लिवू, थे बाराच्या आंदी सांगा.”

साडेअकराला मोटारसायकलवरून तोतयाच्या बांधणीचा नकाशा आला. शेपटीच्या पट्टीवर बाण काढून बिवलकरांच्या कोरीव अक्षरात लिहिलं होतं, ‘टांगतेवेळी आठपैकी चार नगांना फिटरने अंगठ्याने अदमासे बाक द्यावा.’ आयुष्यात एकाही कागदावर तारीख घालायला न विसरलेला तो माणूस या कागदावर मात्र विसरला होता.

ढोमणेने तो कागद आपल्या कागदाला जोडला आणि लिहिलं, ‘फसलो. वस्तू चांगली आहे.’

“साहेब, तुमच्या नावाला बट्टा लागला,” मी म्हणालो.

“बट्टा काहीचा गा! पल्याडच्या केबिनीत बी एखादा ढोमणे बसलाच असन ना, चिंधी बांधून? त्याले फसवाले तुहा तोतया पाह्यजे. मले फसवता आलं नसतं तर थो काय कामाचा?” त्याने पिवळी पेन्सिल माझ्यापुढे धरली. “घे. बिदागी.”

मी पेन्सिल घेतली नाही. मी म्हणालो, “मला ही नको साहेब. गोष्ट हवी. हा किस्सा तुम्ही जन्मभर सांगणार, मला माहीत आहे. पण तुमच्या तोंडून सांगाल तर लोक म्हणतील, बिचारा फसला. माझ्या तोंडून सांगा. मी होऊन सांगा. म्हणजे लोक हसतील.”

आता रिवाजाप्रमाणे मला तोंड धुतलं पाहिजे.

मी रंगनाथ शेगर नाही. मी पुंडलिक ढोमणे, निवृत्त वॉरंट ऑफिसर, मुक्काम दर्यापूर. केबिनमध्ये चहा कसा थरथरला हे मला का ठाऊक, ते तुमच्या ध्यानात आलं असेल. मी देखणा होतो, तेही खरं आहे. पिवळी पेन्सिल या क्षणी माझ्या टेबलावर आहे. गेली चाळीस वर्षं मी ही बिदागी फेडतो आहे. लग्नांत, पारांवर, दवाखान्याच्या रांगांत, जिथे चार माणसं भेटतील तिथे शेगर होऊन.

शेगर जाऊन नऊ वर्षं झाली. तेराव्याला मी त्याच्या गावी गेलो. मंडळी गप्प बसली होती. मी उभा राहिलो, त्याच्यासारखी मान वाकडी केली, त्याच्यासारखं खोक्यावर बसल्यासारखं बसलो आणि सुरुवात केली, “डावीकडून मोजा साहेब.” फौजदाराच्या मिशांवर पोपट बसले तोवर सगळी पंगत हसत होती. त्याची बायको, सुगंधावहिनी, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकत होत्या. निघताना त्यांच्या पाया पडलो.

“आवाज हुबेहूब जमलाय भावजी,” त्या म्हणाल्या. “फक्त एक आहे. ते एवढं खरं कधी बोलायचे नाहीत.”

मंग काय, परत बसलो मी. मंडयीले थांबवलं, आन् फौजदाराच्या मिशीवर दोन मोर बसवले.